अठमाशी

सांगलीच्या मार्केट यार्डात ऐन फाल्गुनात, हळदीचे सौदे भरात असताना, अण्णा सलग आठ दिवस पेढीवर आले नाहीत ही गोष्ट हमालांपासून खरेदीदारांपर्यंत सर्वांच्या लक्षात आली. चाळीस वर्षांच्या अडत व्यवसायात असे कधी घडले नव्हते. चौकशी करणाऱ्यांना थोरल्या मुलाकडून एवढेच कळे की धाकट्या सुनेचे बाळंतपण मिरजेस झाले, मुलगी झाली आणि ती अठमाशी आहे. हा शेवटचा शब्द ऐकला की विचारणारा क्षणभर थांबे, अभिनंदनासाठी पुढे केलेला हात मागे घेई आणि ‘सगळे ठीक होईल’ असे काहीतरी पुटपुटून निघून जाई.

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत आपल्या घरांत फार खोल मुरलेली आहे. ती केवळ आपलीच नव्हे. हिपोक्रेटिसच्या नावावर जमा असलेल्या प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांत आठव्या महिन्याच्या गर्भावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे आणि त्याचा सूरही हाच आहे. वस्तुतः गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूनेच जमा होतो; मध्येच एखादा महिना उलटा मोजला जावा असे निसर्गाच्या हिशेबात कोठेही नाही. तरीही अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, बातमी कळताच पहिल्यांदा बोटांवर महिने मोजले आणि त्या खाली बसल्या.

सुनेला एकतिसावा आठवडा नुकताच पूर्ण झाला होता. आदल्या दिवशी सकाळपासून तिचे डोके दुखत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना. पित्त झाले असेल म्हणून तिला सुंठसाखर देऊन निजवले गेले. दुपारी थोरल्या जावेने काय मनात आले कोण जाणे, अण्णांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणून तिच्या दंडाला लावले. आकडा आला १६० आणि ११०. नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तासाभरात तपासून सांगितले की बाळंतपण कदाचित लवकर करावे लागेल आणि ते माझ्या दवाखान्यात होता कामा नये. जेथे नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आहे तेथे आईलाच आधी न्या; बाळ जन्मल्यावर त्याला गाडीत घालून नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असताना नेणे शतपटीने चांगले, कारण त्याच्यासाठी तिच्या पोटाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही. सांगली ते मिरज हे अंतर ते काय! परंतु कमी दिवसांच्या बाळाला एवढ्या प्रवासातही थंडी बाजते आणि अंग गार पडणे हा त्याच्या जिवाला असलेल्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहे, ही गोष्ट फाल्गुनातल्या उकाड्यात कोणाला सुचली नसती.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे, कारण घरात ती आजही मोठ्याने बोलली जात नाही. त्याआधी पंधरा दिवसांपूर्वीची तपासणी चुकली होती. इचलकरंजीस नात्यात लग्न होते. ‘एक आठवडा इकडे तिकडे झाल्याने काय होते, लग्न उरकून जा,’ असे अण्णांनीच म्हटले होते. त्या तपासणीत रक्तदाब वाढलेला आढळला असता की नाही, हे कोणीही सांगू शकणार नाही. मुदतीपूर्वी प्रसूती होण्याची कारणे अनेक असतात. आधीचे बाळंतपण लवकर झालेले असणे, जुळे असणे, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, मधुमेह, पंडुरोग, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, आईचे वय फार कमी किंवा अधिक असणे, तंबाखू वा मिश्री अशी ही यादी बरीच लांबते. आणि पुष्कळदा तर कोणतेच कारण हाती लागत नाही. या सुनेची पहिलीच खेप होती आणि तिच्या आईलाही गरोदरपणी रक्तदाबाचा त्रास झाला होता. जोखमीच्या या दोन्ही नोंदी पहिल्या भेटीतच कागदावर आलेल्या होत्या. कर्ज देताना ज्या नोंदीकडे कोणताही सावध सावकार दोनदा पाहील, तिच्याकडे घरात एकदाही पाहिले गेले नाही.

मिरजेस दाखल होताच सुनेला दोन प्रकारची औषधे सुरू झाली. एक म्हणजे झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. दुसरे डेक्सामेथासोन, हे आईच्या स्नायूत टोचले जाते, परंतु काम करते बाळाच्या फुप्फुसात. बारा बारा तासांच्या अंतराने त्याची चार इंजेक्शने पूर्ण व्हावीत असा संकेत आहे. या औषधाची कथा मेंढ्यांच्या कळपापासून सुरू होते. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांत प्रसूती कशी सुरू होते याचा शोध घेत होते. तसे स्टिरॉइड दिल्यानंतर फार लवकर जन्मलेले एक कोकरू, जे जगायलाच नको होते, ते श्वास घेताना त्यांना आढळले. पुढे १९७२ साली त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी मातांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतके स्वस्त औषध इतके जीव वाचविते अशी उदाहरणे वैद्यकात थोडी आहेत. सुनेच्या वाट्याला मात्र चारपैकी दोनच इंजेक्शने आली. रक्तदाब उतरेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढावे लागले.

वजन ११८० ग्रॅम.

अण्णांचे सारे आयुष्य क्विंटलात गेलेले. पोते उचलून पाहून राजापुरी हळदीचे वजन किलोभराच्या फरकाने सांगणारा हा माणूस. कांचेपलीकडे वॉर्मरवर ठेवलेला तो जीव पाहून त्यांनी परिचारिकेला विचारले, ‘‘यात कापड किती आणि बाळ किती?’’

बाळ श्वास घेत होते, पण प्रत्येक उच्छ्वासाला कण्हत होते आणि त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. नाकाशी बसविलेल्या सी-पॅप यंत्रातून हवेचा सौम्य दाब सुरू होता. परंतु प्राणवायूचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवरून तीस आणि तिसांवरून चाळीस टक्क्यांपर्यंत वाढवावे लागले, तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी समजावून सांगितले ते असे : फुप्फुसात लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि ते आतून एका साबणासारख्या पातळ थराने माखलेले असतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. त्या थरामुळे श्वास सोडल्यावरही वायुकोश पुरते मिटत नाहीत. हा थर पुरेसा तयार होतो तो साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या पुढे. तो नसेल तर प्रत्येक श्वास हा नव्या फुग्यात भरलेल्या पहिल्या फुंकरीइतका कष्टाचा होतो आणि बाळ थकून जाते. तेच द्रव्य आता नळीवाटे बाळाच्या श्वासनलिकेत सोडायचे होते आणि ते जितके लवकर सोडता येईल तितके चांगले.

‘‘अण्णा, एक गोष्ट आधीच सांगते,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘तुमचे घर मला ठाऊक आहे. हे औषध गायीच्या फुप्फुसातून काढलेले असते. त्याला पर्याय आज माझ्या हाताशी नाही.’’

संमतिपत्र मुलाच्या हातात होते, कारण बाप तो. पण त्याने पाहिले अण्णांकडे. अण्णांनी चामड्याची चप्पल कधी घातलेली नाही. मुलांच्या लग्नातसुद्धा रेशमाला घरात प्रवेश नव्हता. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली तर जिलेटिनच्या शंकेने ते गोळी बदलून मागत. ते काहीच बोलले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहिले. बोलल्या त्या अक्का, ज्यांचे सोवळे घरात सर्वांत कडक.

‘‘व्रते आपण घेतली आहेत, तिने नाही. ती अजून धड श्वाससुद्धा घेत नाही. सही कर.’’

मुलाने सही केली. औषध दिल्यानंतर तीन तासांच्या आत प्राणवायूचे प्रमाण पुन्हा पंचवीस टक्क्यांवर आले.

अक्कांचा निर्णय योग्यच होता असे आज म्हणणे सोपे आहे, कारण निकाल सर्वांसमोर आहे. सही करताना तो समोर नव्हता. त्या क्षणी त्यांच्यापुढे केवळ एक बाजू धरणे होते आणि ती त्यांनी धरली. चातुर्मासात सांगलीस मुक्कामी असलेल्या मुनिश्रींपुढे अण्णांनी सारी हकिगत मांडली आणि प्रायश्चित्त मागितले. तेव्हापासून ते दर महिन्याच्या त्या तिथीस एकाशन करतात. अक्का करीत नाहीत. याविषयी दोघांत कधी वाद झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

हे औषध उपलब्ध नव्हते तो काळ फार दूरचा नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना साडेपाच आठवडे आधी पुत्र झाला. वजन २१०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अण्णांच्या नातीच्या जवळजवळ दुप्पट. जगातील सर्वांत बलाढ्य देशाची सर्व साधने हाताशी असताना ते बाळ एकोणचाळीस तासांत श्वासाच्या याच विकाराने गेले. विकाराचे मूळ तोपर्यंत सापडले होते. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच या द्रव्याच्या अभावाकडे बोट दाखविले होते. परंतु जपानमधील फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातील द्रव्य बाळांना देऊन यश आल्याचे जाहीर केले ते १९८० साली. निदान आणि औषध यांच्यामध्ये एकवीस वर्षे गेली.

ऊब देण्याचा प्रश्न मात्र त्याहून शंभर वर्षे आधी सुटला होता. पॅरिसमधील स्तेफान तार्निये यांनी कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहून १८८० च्या सुमारास मुलांसाठी तशी पेटी करवून घेतली. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथील जत्रेत अशा पेट्यांत खरी बाळे ठेवून प्रदर्शन मांडले आणि ते १९०३ पासून १९४३ पर्यंत चालविले. पाहणाऱ्यांना तिकीट पंचवीस सेंट. आईबापांकडून एक पैही नाही. ऐकणाऱ्याला किळस वाटावी अशी ही गोष्ट. पण ताळेबंद पाहिला तर, ज्या मुलांसाठी रुग्णालये खर्च करावयास तयार नव्हती त्यांच्या दाया, दूध आणि ऊब यांचा खर्च तमासगीरांच्या तिकिटांतून भागत होता आणि मुले हजारोंच्या संख्येने वाचली.

अण्णांनी रुग्णालयाच्या बाकावर बसून एक लहान वही सुरू केली. रोज सकाळी परिचारिका वजन सांगे आणि ते तारखेपुढे लिहीत. ११८०, ११५०, ११२०, १०९०. पाचव्या दिवशी १०६०. हा उतार पाहून ते हबकले. पहिल्या आठवड्यात अशा बाळांचे वजन दहा-पंधरा टक्के घटते, ते पाण्याचे असते आणि भरून निघते, असे डॉक्टरबाईंनी सांगितले तेव्हा त्यांचा जीव खाली पडला. ‘‘म्हणजे सुकीची घट,’’ ते म्हणाले. ओल्या हळदीपासून सुकी होताना किती घट जाते हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

दूध हा त्या दिवसांतला दुसरा मोठा प्रश्न. आई दोन दिवस स्वतःच अतिदक्षता विभागात होती. त्यात सोयराचे दहा दिवस. बाळंतिणीने उठून चारचौघांत जायचे नाही ही घरची रीत. पण बाळाच्या पोटात आईच्याच दुधाचे थेंब जायला हवेत, ते आतड्यांच्या घातक दाहापासून आणि जंतूंपासून त्याला राखतात, म्हणून दर तीन तासांनी दूध काढलेच पाहिजे, असे परिचारिकेने बजावले. अक्कांनी त्यावर चर्चाच केली नाही. तिसऱ्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून त्यांनीच सुनेला वॉर्मरपाशी नेले. पहिल्या खेपेस चिकाचा एक मिलिलिटर निघाला. तो नळीवाटे पोटात गेला, तो क्षण पाहायला अख्खे घर कांचेबाहेर उभे होते. ज्या मातांना दूध येतच नाही त्यांच्या बाळांसाठी मुंबईत शीव येथील रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तेथे दात्या मातांचे दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून साठवितात. ठेव एकाची, उपयोग दुसऱ्याला आणि व्याज कोणालाच नाही, अशी ही पेढी आहे. अशा पेढीला दूध देणाऱ्या बाळंतिणी आपल्या घरांतून फारशा पुढे येत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

नवव्या दिवशी बाळ मध्येच श्वास घ्यायचे विसरू लागले. तसे कमी दिवसांच्या बाळांत होतच असते आणि त्यासाठी त्यांना कॅफीन दिले जाते. चहाकॉफीला आयुष्यभर नकार दिलेल्या घरातल्या मुलीला जन्माच्या दिवसापासून कॅफीन सुरू होते, याचे अक्कांना हसू येई. परंतु या वेळी पोटही फुगले आणि अंगाचा रंग मातकट झाला. जंतू रक्तात शिरले होते. दूध थांबले, प्रतिजैविके सुरू झाली. या बाळांना श्वासाइतकाच, किंबहुना पहिल्या आठवड्यानंतर अधिकच, धोका जंतुसंसर्गाचा असतो आणि तो बहुधा माणसांच्या हातांवरून येतो. त्या चार दिवसांत वहीत वजनाचे आकडे नाहीत. नुसत्या तारखा आहेत. एका रात्री दोन वाजता डॉक्टरबाईंनी मुलाला बोलावून ‘चोवीस तास सांगता येत नाही’ असे सांगितले. त्या रात्री अण्णा सुनेच्या खाटेपाशी गेले आणि इचलकरंजीच्या लग्नाचा विषय त्यांनी स्वतःच काढला. सून म्हणाली, ‘‘अण्णा, मलाही लग्नाला जायचेच होते.’’

तेराव्या दिवशी ताप उतरला, पोट मऊ झाले आणि दूध पुन्हा एका मिलिलिटरपासून सुरू झाले. सतराव्या दिवशी वहीत आकडा आला ११८०. गेलेले भांडवल परत आले होते. नफा आता पुढे.

त्यानंतरचे दिवस कांगारूपद्धतीचे. कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी १९७८ च्या सुमारास बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधण्याची युक्ती काढली. टंचाईतून निघालेली ही सोय पेटीच्या तोडीस तोड ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मताच छातीशी घेतल्याने मृत्यूंत सुमारे एक चतुर्थांश घट झाल्याचे दिसून आले. सून थकली की बाप सदरा काढून बसे. एका दुपारी दोघेही झोपेने कोसळले होते, तेव्हा अण्णांनी कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन चढविला आणि चार तास ते हलले नाहीत. त्या दिवशी वहीत वजनाशेजारी दुसरे काहीही लिहिलेले नाही.

डोळ्यांच्या तपासणीचे अण्णांना नवल वाटले. बाळ एवढेसे, आणि नेत्रतज्ज्ञ कशाला? परंतु अशा बाळांच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात आणि प्राणवायू जास्त झाला तर त्या भलतीकडे वाढतात. १९४० आणि ५० च्या दशकांत मुक्तहस्ताने दिलेल्या प्राणवायूमुळे जगभर हजारो बाळे आंधळी झाली. १९५० साली जन्मलेला अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर त्यांपैकीच एक. म्हणूनच आज रक्तातील प्राणवायू नव्वद ते पंचाण्णव टक्क्यांच्या पट्ट्यात राखतात. खालीही नको, वरही नको. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासून घेणे हे कोणत्याही घराने टाळू नये, कारण वेळेवर लेसर केले तर दृष्टी वाचते आणि वेळ गेली की काही उरत नाही. या बाळाला लेसरची गरज पडली नाही, पण चार वेळा जावे लागले.

बिलाविषयी दोनच वाक्ये. कुटुंबाचा आरोग्यविमा चांगल्या रकमेचा होता, पण पहिल्या ९० दिवसांत नवजाताला संरक्षण नाही हे कलम, अनेक पॉलिसींत असते तसे, त्यातही होते आणि ते कोणी वाचलेले नव्हते. हळदीच्या घराने तो खर्च पेलला; ज्यांना पेलत नाही त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांतील नवजात शिशु विभागांत २०११ पासून उपचार मोफत आहेत, हे आपल्या पेढ्यांवरील हमालांना आणि दिवाणजींना माहीत असलेले बरे.

शेहेचाळिसाव्या दिवशी १७२० ग्रॅम वजनाची मुलगी घरी आली. बारसे तीन महिने लांबविले, पाहुण्यांना दारातूनच परत पाठविले आणि दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी साबण व पाण्याची बादली आली. यावरून दोन नातेवाइकांचे रुसवे झाले, ते अद्याप निघालेले नाहीत. अण्णांच्या वहीत आता दोन रकाने आहेत : एक जन्मतारखेपासूनचे वय, दुसरे जी तारीख खरी ठरलेली होती तेव्हापासूनचे. लशी पहिल्या रकान्याप्रमाणे द्यायच्या, बसणे-रांगणे दुसऱ्याप्रमाणे पाहायचे, असे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवले आहे. नववा महिना भरला तेव्हा शेजारच्या काकींनी, ‘अजून बसत नाही का?’ असे विचारले. अक्कांनी आत जाऊन वही आणली, चष्मा लावला आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून त्यांना दाखविले : सात महिने. काकी पाहत असतानाच मुलगी उशीला टेकून तिरकी बसली, कलंडली आणि अण्णांनी तिला पुन्हा सरळ केले.